‘ड’चे विंटरलाइडनर

त्सेले, ६ मार्च १९७१

श्री. आ. विंटरलाइडनर यांस,
स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही. तुमचं नाव मला टेलिफोनच्या पुस्तकात सापडलं. आमच्या मोठ्या पोस्टात गावोगावची पुस्तकं ठेवलेली असतात. मी शनिवारी दुपारी तिथं जाते आणि प्रत्येक पुस्तक मागच्या बाजूनं उघडते, कारण आपलं आडनाव शेवटाकडे येतं. खिडकीवरची बाई मला आता ओळखते. परवा म्हणाली, “कोण हरवलंय, नवरा?” मी म्हटलं, “नवरा असता तर हे आडनाव शोधायला मी कशाला आले असते? त्याचंच नसतं का लावलं?”

म्युलर पानंच्या पानं आहेत. विंटरही कमी नाहीत. विंटरलाइटनर, ‘ट’चे, म्युनिककडे बरेच आहेत. पण ‘ड’चे विंटरलाइडनर इतक्या पुस्तकांत एकदाही दिसले नव्हते. हाइलब्रोनच्या नव्या पुस्तकात मात्र एक ओळ आहे: आ. विंटरलाइडनर, शेकोट्या व फरशीकाम. मी ती तीनतीनदा वाचली.

आम्ही पूर्व प्रशियाचे, गुम्बिनेनजवळच्या एका खेड्यातले. वडील रशियात लढाईत पडले. पंचेचाळीसच्या जानेवारीत, रशियन फौजांपुढे पळताना, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ राइनहोल्ट आलेनश्टाइनच्या स्टेशनावर होतो. दारातून आत शिरणं अशक्य होतं. आईनं राइनहोल्टला खिडकीतून आत दिलं, आत कुणीतरी त्याला धरलं, आणि ती मला घ्यायला मागे वळली. तेवढ्यात गाडी हलली. तो साडेचार वर्षांचा होता. मी चौदा वर्षांची.

तुमचं वय काय, जन्म कुठला, एवढंच कळवाल का? त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी.

आपली,
एर्डमुटे विंटरलाइडनर


हाइलब्रोन, १० मार्च १९७१

प्रिय एर्डमुटेबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी एका वकिलाच्या दिवाणखान्यात शेकोटी बसवत होतो. बायको, ट्राउडल, पत्र घेऊन धावत तिथंच आली. मी मातीच्या हातांनीच वाचलं, म्हणून तुमच्या पत्राची आता पार रांगोळी झाली आहे. वकीलसाहेब म्हणाले, “काय हो, कुणी गेलं का?” मी म्हटलं, “नाही साहेब, बहुतेक कुणीतरी आलंय!”

माझं वय विचारलंत. खरं सांगू? ते मलाही नक्की ठाऊक नाही. मी होल्श्टाइनमधल्या एका अनाथाश्रमात वाढलो. पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत निर्वासितांच्या गाडीतून मला उतरवलं. डॉक्टरांनी दात पाहिले आणि म्हणाले, चार-पाच वर्षांचा असेल. घोड्याचं वय ठरवतात ना, तसं. आल्विन हे नाव आश्रमाच्या मोठ्या बाईंनी ठेवलं. मी तेव्हा बोलतच नव्हतो. सगळे धरून चालले होते की मी मुका आहे. आता ट्राउडल म्हणते, तसाच राहिला असतास तर बरं झालं असतं!

पण विंटरलाइडनर हे काही त्यांनी ठेवलेलं नाही. ते माझ्या कोटावर होतं. कॉलरच्या आत कापडी पट्टी आणि त्यावर धाग्यानं काढलेलं आडनाव. फक्त आडनाव. कोट हिरवा होता, जाड, आणि मला घोट्यापर्यंत यायचा.

बाई, मी पत्र खाली ठेवतो आणि पुन्हा उचलतो. असं असेल का हो? तुम्ही मला ‘अरे’ म्हणाल का? मला आजवर कुणाच्या घरचं म्हणून कुणी ‘अरे’ म्हटलेलं नाही.

आणि एक विचारायचंय. आपल्या या नावाचा अर्थ काय? शाळेत पोरं मला ‘हिवाळी दुःख’ म्हणायची. विंटर म्हणजे हिवाळा आणि लाइड म्हणजे दुःख, सरळ हिशेब. “ए हिवाळी दुःखा, फडकं आण!” मास्तरसुद्धा हसायचे. एवढं वाईट नाव कुणी स्वतःहून कसं घेईल?

तुमचा (लिहू का?) भाऊ,
आल्विन


त्सेले, १५ मार्च १९७१

प्रिय आल्विन,

हिरवा कोट! वडिलांच्या शिकारीच्या कोटातून आईनं कापून शिवला होता तो. पट्टी वडिलांचीच होती, तीच आत ठेवली, म्हणून फक्त आडनाव. घोट्यापर्यंत, कारण आई म्हणाली, “वाढता पोरगा आहे, दोन हिवाळे तरी निघाले पाहिजेत.” मी रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी शिवते. काल सुई खाली ठेवली. शेजारच्या बाईला सांगितलं, “माझा भाऊ हाइलब्रोनला शेकोट्या बांधतो.” कसं वाटतं ते पाहायला दोनदा सांगितलं.

अरे, नावात दुःख नाही. त्या मास्तरांना सांग, आधी स्वतः शिका. आजोबा आम्हांला समजवायचे. आपण मूळचे ऑस्ट्रियातल्या झाल्झबुर्गच्या डोंगरातले. तिथं डोंगराच्या उताराला लाइटे म्हणतात. जो उतार उत्तरेकडे तोंड करून असतो, जिथं सगळा हिवाळा ऊन म्हणून पडत नाही, तो विंटरलाइटे. तिथं ज्याचं घर तो विंटरलाइटनर. गरिबाचीच जागा ती. ऊन पडतं त्या बाजूला श्रीमंतांची घरं. पुढं तिथं राज्य करणाऱ्या आर्चबिशपशी धर्मावरून बिनसलं, तिथून हाकललं, आणि आपले लोक पायी प्रशियात आले. तिथं सगळं तव्यासारखं सपाट. उतार म्हणजे काय हे कारकुनाच्या बापानंही पाहिलेलं नव्हतं. त्यानं ऐकलं तसं लिहिलं, ‘ट’चा ‘ड’ झाला. आजोबा म्हणायचे, “कारकुनाला पडसं झालं होतं आणि दुःख आपल्या गळ्यात पडलं.” त्यामुळे ‘ड’चे विंटरलाइडनर जगात एकाच घरातले. म्हणून तर मी इतकी खात्रीनं शोधत राहिले. म्युलर असते तर पहिल्याच वर्षी हात टेकले असते.

आई सहासष्ट साली गेली. तिला हे कळायला हवं होतं. नाताळात ती दर वर्षी राइनहोल्टचं ताट मांडायची. बेपत्ता लोकांचा शोध घेणाऱ्या कचेरीला दर वर्षी मी अर्ज लिहायचे, ती सही करायची. उत्तर तिच्या नावानं यायचं. ती वाचून म्हणायची, “काही नाही.” ती गेल्यावर मी अर्ज करणं सोडलं. ही पुस्तकं गेल्या हिवाळ्यात सुरू केली.

ईस्टरला ट्राउडलला घेऊन ये. अंडी मी कांद्याच्या सालीत रंगवते, आपल्याकडे तशीच रंगवायचे. आणि एक गंमत सांगते: तू तीन वर्षांचा असताना भट्टीच्या दारावर पडला होतास. उजव्या कानामागे भाजल्याचा डाग राहिला, बोटाच्या पेराएवढा, चकचकीत. तिथं केस उगवत नाहीत. ट्राउडलला विचार, तिला तुझ्या त्या टकलाचं कोडं पडलं असेल.

तुझी बहीण,
एर्डमुटे


त्सेले, १४ एप्रिल १९७१

प्रिय आल्विन,

ईस्टर झाला. मी स्टेशनावर दोन गाड्या पाहिल्या. आजारी आहेस का? एक ओळ टाक.

एर्डमुटे


हाइलब्रोन, २ मे १९७१

प्रिय ताई,

रागावू नकोस. काम फार होतं. वसंतात लोकांना शेकोट्या का सुचतात, देव जाणे.

डागाचं म्हणशील तर, ट्राउडलनं पाहिलं. तिला काही दिसलं नाही. पण तिचा चष्मा जुना आहे. मग न्हाव्याला दाखवलं, तो म्हणाला, केस दाट आहेत, खाली काय असेल सांगता येत नाही. लहानपणचे डाग जातात ना गं? आमच्याकडे एका कामगाराचा हात चुन्यानं भाजला होता, आता औषधालासुद्धा खूण नाही. तीन वर्षांच्या पोराचं कातडं म्हणजे नवंच की.

आणि मी तुला पुरावाच देतो. ही गोष्ट मी ट्राउडललाही कधी सांगितली नव्हती.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आश्रमात एक बाई आली. उंच, काळा रुमाल बांधलेली. मोठ्या बाईंनी मला बोलावलं, शर्ट बदलायला लावला, भांग पाडला. म्हणजे काय ते आम्हां पोरांना बरोबर कळायचं. सगळे दारातून डोकावत होते. “आल्विनची आई आली, आल्विनची आई आली!” मी आत गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ माझं डोकं धरलं, वळवलं आणि उजव्या कानामागचे केस बाजूला केले. ताई, उजव्याच! तिचा हात गार होता. मग तिनं दुसरा कानही पाहिला. मग तिनं कोट मागितला. तो मला कधीचा होत नव्हता, बाईंनी कोठीतून आणून दिला. तिनं पट्टी पाहिली, कोट तोंडाला लावला आणि तशीच उभी राहिली. बाई म्हणाल्या, “तुम्हांला हवा असेल तर न्या.” ती म्हणाली, “नको. लहान पोरांना होईल.” आणि गेली. मी खिडकीशी धावलो. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

ती आईच असणार! तिला नेमकं कुठं पाहायचं ते ठाऊक होतं. म्हणजे मीच तो, नाही का?

पण मग तिनं मला नेलं का नाही? हे मी इतकी वर्षं धरून आहे. मी त्या दिवशी शर्टची वरची गुंडी लावली नव्हती. मला वाटायचं, मी तिच्या मनास आलो नाही. तू तिला ओळखत होतीस. अशी होती का गं ती? पोर एकदा पाहून सोडून देणारी?

तुझा भाऊ,
आल्विन


त्सेले, ९ मे १९७१

श्री. आल्विन विंटरलाइडनर यांस,

होय, ती माझी आई होती. काळा रुमाल तिचाच. एकोणपन्नासच्या शरदात, शोध कचेरीचं उत्तर आल्यावर, ती हाम्बुर्गला दात काढायला म्हणून गेली होती; तिथून होल्श्टाइन जवळच. मी तेव्हा एका शेतकऱ्याकडे कामाला होते. परत आली तेव्हा तोंड सुजलेलं नव्हतं. मी विचारलं, “दुखतंय का?” ती म्हणाली, “आता नाही.”

ती पोर सोडून देणारी बाई नव्हती. तुमचं पत्र नीट वाचा, तुम्हीच लिहिलंय सगळं. तिनं दोन्ही कान पाहिले. मग कोट पाहिला. कोट आमचा होता.

म्हणजे तिला त्या दिवशीच कळलं. आणि त्यानंतर दर वर्षी माझ्या अर्जावर तिनं सही केली. दर नाताळात ताट मांडलं. मला वाटायचं ती त्याच्यासाठी मांडते.

तुम्हांला एकच विचारते. तो कोट तुमच्या अंगावर कसा आला? चार वर्षांच्या पोराला काय आठवणार, असं लिहू नका. तुम्हांला कान आठवतो, गुंडी आठवते. हेही आठवत असेल.

एर्डमुटे विंटरलाइडनर


हाइलब्रोन, २३ मे १९७१

आदरणीय एर्डमुटेबाई,

मी ट्राउडल, आल्विनची बायको. त्यांना न सांगता लिहिते आहे.

तुमचं पत्र आल्यापासून ते बोलत नाहीत. रागानं नाही. मी काही विचारलं की मान हलवतात, बस. कामावर जातात, येतात, जेवतात. माझी आई विचारत होती, “जावईबापूंची जीभ मांजरानं नेली का?” मी तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. ते लहानपणी असेच होते, असं मला त्यांनी सांगितलं होतं, पण मी तेव्हा हसले होते.

बाई, तुमचं दुःख मोठं आहे, मला कळतं. पण मार्चमध्ये तुमचं पत्र आलं तेव्हाचं घर तुम्ही पाहायला हवं होतं. त्यांनी आमच्या पाटीखाली हातानं लिहिलं होतं, ‘पूर्व प्रशियाचे’. शेजाऱ्यांना बोलावून उताराची आणि कारकुनाच्या पडशाची गोष्ट सांगत होते. ती पाटी आता त्यांनी उतरवली आहे. मला दिवस गेले आहेत, शरदात बाळ होईल. तुम्ही त्यांना आणखी काही विचारू नका, एवढीच विनंती.

ट्राउडल


हाइलब्रोन, ३० मे १९७१

आदरणीय बाई,

ट्राउडलनं तुम्हांला लिहिलं, ते तिनं मला नंतर सांगितलं. तिच्यावर रागावू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हांला मिळालं पाहिजे.

माझ्याकडे फार नाही. डब्यात अंधार होता. मी कुणाच्या तरी पायांत बसलो होतो, एका बाईचे पाय होते, पण ती माझी नव्हती. मी रडलो की ती म्हणायची, “गप, कुणाचं आहेस रे तू?” माझ्या अंगात विणलेलं काहीतरी होतं, ते ओलं होतं. भिंतीशी एक मुलगा बसला होता. तो त्याआधी बोलत होता. काय बोलत होता ते आठवत नाही, पण तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. त्याच्याजवळ साखरेचा खडा होता, त्यानं मला चोखायला दिला आणि परत घेतला. मग उजाडलं तेव्हा फटीतून प्रकाश आला आणि त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बाई म्हणाली, “ह्याला आता लागत नाही.” तिनं त्याचा कोट काढला. हात वाकत नव्हते, म्हणून दुसऱ्या एका बाईनं मदत केली. मग तो मला घातला. कोट गार होता. थोड्या वेळानं ऊब आली. गाडी कुठंतरी थांबली तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि त्याला बाहेर दिलं. बाहेर नुसता बर्फ होता. गाव नव्हतं.

मी हे स्वप्न समजत होतो. खरंच समजत होतो. मोठ्या बाईंनाच एकदा सांगितलं होतं, त्या म्हणाल्या, “अशी स्वप्नं सगळ्यांना पडतात, दूध पी.” तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, नाव आहे, कोट आहे, मग स्वप्नाचं काय एवढं?

तो वाईट मरण नाही मेला. झोपला होता. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही.

आता मी कोण ते मला ठाऊक नाही. तुम्ही लिहिलं होतं, म्युलर असते तर हात टेकले असते. बहुतेक मी म्युलरच असेन. त्या पानांवर कुठंतरी माझे लोक असतील, कदाचित एखादी बाई दर शनिवारी माझं खरं नाव शोधत असेल, आणि मी दुसऱ्याच नावाखाली बसलो आहे. तिला मी सापडणार नाही.

नाव तुमचं आहे. मी नोंदणी कचेरीत जाऊन ते काढून टाकतो. मग जगात ‘ड’च्या तुम्ही एकट्या राहाल, पण निदान खऱ्या तरी.

आल्विन


त्सेले, २० जून १९७१

प्रिय आल्विन,

मी ‘तू’ लिहायचा प्रयत्न केला. तीन कागद फाडले. होत नाही. क्षमा करा.

साखरेच्या खड्याबद्दल आभार. तो मी दिला होता, खिडकीतून.

आई का बोलली नाही ते मला आता कळलं. ती मला घ्यायला मागे वळली होती. राइनहोल्ट गेला असं तिनं एकदा सांगितलं असतं, तर पुढचं वाक्य आम्हां दोघींना ऐकू आलं असतं, कुणीही न बोलता. म्हणून तिनं त्याला मरू दिलं नाही. सतरा वर्षं एकटीनं. आणि मी तिच्यासमोर बसून अर्जाचे शब्द ठरवायचे: ‘आनंदी स्वभावाचा, चटकन मैत्री करतो.’ ती म्हणायची, “असं लिही, छान आहे.” तिनं जे इतकं जपलं ते मी टेलिफोनच्या पुस्तकातून उकरून काढलं.

शोध कचेरीला मी कळवलं. त्यांनी मृत्यूचं ठिकाण विचारलं. मी लिहिलं, आलेनश्टाइनच्या पश्चिमेला, रुळांशेजारी. त्यांनी लिहून घेतलं.

तुम्ही येऊ नका. इथंही नाही, आईच्या थडग्यावरही नाही. तुमचा काही दोष नाही. तुम्ही चार वर्षांचं गारठलेलं पोर होतात, आणि त्या बाईनं केलं ते मीही केलं असतं. हे सगळं मला समजतं. पण तुम्ही दारात उभे राहिलात, तर तुम्हांला ऊब कशी आली एवढंच मला दिसेल. असं माणसाकडे पाहू नये. म्हणून न भेटलेलं बरं.

नावाचं तुम्ही काय ते ठरवा. मी पोस्टात जाणं सोडलं आहे.

एर्डमुटे


हाइलब्रोन, ८ नोव्हेंबर १९७१

आदरणीय बाई,

हे माझं शेवटचं पत्र. उत्तराची अपेक्षा नाही. पण हे तुम्हांला दुसऱ्या कुणाकडून किंवा एखाद्या पुस्तकातून कळू नये.

मी नोंदणी कचेरीत गेलो होतो. अर्ज दिला की हे आडनाव माझं नाही, काढून टाका. तिथला माणूस भला होता, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, “चूक झाली असेल तर दुरुस्त करू. तुमचं खरं आडनाव सांगा, तेच लावू.” मी म्हटलं, “ते नाही माहीत.” तो म्हणाला, “मग कशाच्या जागी काय लिहू? रिकामं तर ठेवता येत नाही.” त्यानं पेन हातात धरून बराच वेळ वाट पाहिली. मी खूप आठवून पाहिलं. ती डब्यातली बाई विचारायची ना, कुणाचं आहेस. तिला मी काहीतरी उत्तर दिलं असणारच. चार वर्षांच्या पोराला आपलं नाव येतं. पण आलं नाही. मग त्यानं अर्ज परत दिला. मागे रांग होती.

गेल्या गुरुवारी ट्राउडलला मुलगा झाला. नोंदणीला मीच गेलो. तोच माणूस होता. आडनाव विचारलं तेव्हा मी सांगितलं. ‘ड’ का ‘ट’, तेही त्यानं विचारलं, तेही सांगितलं.

क्षमा मागत नाही. पोराला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

आल्विन